आबांवरचं माशावर

घरात आजारी दोघं होते, एक सासरा आणि एक मासा, आणि भावकीनं परस्पर ठरवून टाकलं होतं की दोघांपैकी एकानंच वाचायचं. निशाच्या डोक्यात तिडीक जायची ती याच गोष्टीनं. आजार वेगळे, डॉक्टर वेगळे, औषधं वेगळी, मग निकाल एकमेकांच्या गळ्यात का बांधायचे? पण विचारणार कुणाला? ती शाळेत विज्ञान शिकवायची आणि तिचं विज्ञान शाळेच्या फाटकापर्यंतच चालायचं. धायरीतल्या बंगल्यात शिरताना चपलांबरोबर तेही बाहेर काढून ठेवावं लागे.

मुळात हा मासा तिनं मागितलाच नव्हता. जमिनीला बिल्डर लागला, रानाच्या जागी इमारती उभ्या राहिल्या आणि उरलेल्या तुकड्यावर तिच्या नवऱ्यानं, साईनाथनं, हा बंगला बांधला. बंगल्याला हॉल, हॉलला ईशान्य कोपरा, आणि त्या कोपऱ्यात पाणी असावं असं वास्तुवाल्यानं सांगितलेलं. दुसऱ्या कुणी कारंजं बसवलं असतं. साईनाथला समुद्र हवा होता. खडकवासल्याचं गोडं पाणी नळाला धड येत नाही, आणि याला हॉलमध्ये खारं पाणी! टाकी आली, दगड आले, गोगलगायी आल्या, एक निळाशार टँग मासा आला. वास्तुशांतीच्या पाहुण्यांनी त्याच्यासमोर उभं राहून फोटो काढले. महिन्याभरात साईनाथचा उत्साह मावळला आणि पाण्यातलं मीठ मोजणं, काच पुसणं, पाणी बदलणं आपोआप निशाकडे आलं. हौस त्याची, उस्तवार हिची.

रमले ते आबा. निशाचे सासरे हिंदुराव पहिल्या दिवशी म्हणाले होते, "खायाचा न्हाई तर पाळायचा कशापायी?" पण दिवसभर करायचं काय? रान गेलं, गोठा गेला. आठवड्याभरात त्यांची खुर्ची टाकीसमोर आली. शेवटचा जो बैल त्यांनी विकला त्याचं नाव पाखऱ्या, तेच त्यांनी माशाला दिलं. सकाळचा चहा ते त्याच्यासमोर घ्यायचे आणि बशी फुंकता फुंकता त्याच्याशी पावसापाण्याचं बोलायचे.

मग साईनाथनं पाखऱ्याला सोबत म्हणून एक पिवळा मासा आणला. "नवीन आहे, काही दिवस वेगळा ठेवा," निशा म्हणाली. "त्याला काय करोना झालाय?" असं म्हणून त्यानं पिशवी टाकीत मोकळी केली. पिवळा मासा चार दिवसांत मेला आणि मरता मरता आपला रोग ठेवून गेला. पाखऱ्याच्या अंगावर मीठ भुरभुरल्यासारखे पांढरे ठिपके उठले. तो दगडांना अंग घासायला लागला आणि खाणं सोडून कोपऱ्यात धापा टाकत पडला. त्याच आठवड्यात आबांच्या छातीत कळ आली आणि त्यांना स्वारगेटजवळच्या दवाखान्यात हलवलं. बायपास करायचं ठरलं.

आता यात कुणाचा कशाशी संबंध? पण निशाच्या चुलतसासूनं, हेमाकाकूंनी, तो लावला. दवाखान्याच्या बाकावर बसून निशाच्या सासूबाई, मैनाबाई, पदरानं डोळे पुसत होत्या, तेव्हा हेमाकाकूंनी घरच्या माशाची चौकशी केली आणि त्यांचा चेहरा उजळला.

"आक्का, काळजी सोडा. माशानं घेतलंय अंगावर. पाळलेला मासा घरधन्याचं आपल्यावर घेतो. त्यो गेला की भावजी सुटले म्हणून समजा."

मैनाबाईंनी रडं थांबवलं. वास्तुवाल्यानंही तेव्हा हेच सांगितलं होतं, त्यांना आठवलं. ऑपरेशन नीट पार पडलं. डॉक्टरांनी छाती उघडून नळ्या जोडल्या, नर्सनी दिवस-रात्र केलं, आणि श्रेय गेलं माशाला. आता फक्त त्यानं मरायचं बाकी होतं.

निशाला त्याला मरू द्यायचं नव्हतं. का, हे तिला कुणी विचारलं नाही. विचारलं असतं तरी ते तिला सरळ सांगता आलं नसतं. दवाखान्यात तिला डबे पोचवण्यापलीकडे काम नव्हतं. घरात तिच्या शिक्षणाचं कौतुक लग्नपत्रिकेपुरतं झालं होतं. हा एकच जीव असा होता की तो तिला जे येतं त्यावर जगणार होता किंवा मरणार होता. आणि शिवाय आबा घरी आल्यावर खुर्ची ओढून कुणासमोर बसणार?

तिनं पूर्णिमाला फोन लावला. येरवड्याच्या शाळेपासूनची ही मैत्रीण आता बिबवेवाडीत दातांची डॉक्टर होती, आणि तिच्या दवाखान्यात, पेशंट घाबरू नयेत म्हणून, खाऱ्या पाण्याची मोठी टाकी होती.

"मोठ्या टाकीत औषध ओतू नकोस," पूर्णिमा म्हणाली. "औषधात तांबं असतं. गोगलगायी मरतील. माशाला टबात काढ, औषध थोडं थोडं वाढव, पाणी रोज बदल. आणि नवऱ्याला टाकीजवळ फिरकू देऊ नकोस."

मागच्या कोठीच्या खोलीत टब मांडला. त्यात पाणी गरम ठेवायची कांडी, हवेचा पंप, लपायला प्लंबरकडून आणलेला पाइपचा तुकडा. पाखऱ्याला जाळीत धरून निशानं जमिनीवरच्या त्या टबात सोडलं. मैनाबाई दारात उभ्या राहून बघत होत्या. त्यांनी हरकत घेतली नाही. शेवटच्या घटकेला माणसालाही खाली उतरवून घेतातच.

मग सुरू झाली ती नुसती चिडचिड. पाण्यातलं मीठ मोजा, औषध मोजा, घाण मोजा. शाळेत जाण्याआधी पाणी बदला, आल्यावर पुन्हा बघा. समुद्री शेवाळाचा कागदासारखा तुकडा लसणाच्या रसात बुडवून टबात लटकवा, कारण लसणाच्या वासानं माशाची भूक चाळवते म्हणतात. पाखऱ्या त्याच्याकडे ढुंकून बघेना. साईनाथला सांगावं तर तो दवाखान्यातून फोनवर म्हणायचा, "एक व्हिडिओ पाठवलाय, बघ." दुकानदाराला विचारावं तर तो म्हणायचा, "मॅडम, कशाला त्रास? दुसरा घ्या ना, नवीन माल आलाय." पोळ्या लाटताना, तपासलेल्या वह्यांचा गठ्ठा बांधताना, सगळ्या वेळी निशाचा एक कान त्या पंपाच्या गुरगुरीकडे असायचा.

आबा घरी आले आणि त्यांना भेटायला लोकांची रीघ लागली. रीघ लागणारच, त्याचं तिला काही नव्हतं. पण लोक आबांपाशी बसून शहाळं टेकवायचे, तब्येत विचारायचे आणि मग कोठीच्या खोलीकडे वळायचे. एकेक जण टबावर वाकून बघायचा आणि समाधानानं मान हलवायचा.

"लई खंगलाय की!"

"डोळं बी खोल गेल्यात."

"चांगलं झालं बाई, चांगलं झालं."

आबांचे चुलतभाऊ महिपती यांनी तर टबाच्या कडेवर बोटांनी ठकठक करून विचारलं, "आजून किती दिस काढंल, सूनबाई?"

"तुम्ही असं ठोकलंत तर आजच जाईल," निशा म्हणाली.

महिपतींनी आणखी दोनदा ठोकलं.

आणि एका सकाळी पाखऱ्यानं शेवाळाला तोंड लावलं. आधी एक चावा, मग दुसरा, मग तो तुकडा ओढून ओढून त्यानं फाडला. निशा गुडघ्यांवर बसून बघत राहिली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते आलं म्हणून तिला स्वतःचाच राग आला. रात्री जेवताना तिच्यानं राहवेना.

"आई, तो खायला लागला. ठिपकेही कमी झालेत."

मैनाबाईंचा भाकरी मोडणारा हात थांबला. साईनाथनं ताटातून मान वर केली नाही. जणू तिनं जेवताना काहीतरी अभद्र उच्चारलं होतं.

दुसरा दिवस गुरुवार. निशा दुपारी शाळेतून आली आणि सवयीनं आधी कोठीच्या खोलीत गेली. टबातलं पाणी दुधाळ झालं होतं. त्यात भाताची शितं तरंगत होती, कुंकवाचा लाल ओघळ होता, हळद फासलेलं अर्धं लिंबू होतं. पाखऱ्या पाण्याच्या वर तोंड काढून आ वासत होता.

"आई! हे काय आहे?"

मैनाबाई शांतपणे आल्या. "उतारा हाय. ह्यांच्यावरनं उतरून टाकला."

"टबात?"

"मग कुठं टाकू? तिठ्यावर सिग्नल झालाय. मागं टाकला तवा पोलिसानं शिट्टी मारली."

यावर हसावं की रडावं हे निशाला कळेना, म्हणून ती ओरडली. लग्न झाल्यापासून ती त्या घरात कधी ओरडली नव्हती; सगळं साठलेलं एकदम बाहेर आलं. मासा मेल्यानं कुणी वाचत नाही. आबांना डॉक्टरांनी वाचवलं, गोळ्यांनी वाचवलं. या माशाला किड्यांनी खाल्लं, आणि ते किडे तुमच्या लेकानं पिशवीतून आणले. मैनाबाईंनी सगळं ऐकून घेतलं.

"तुजं खरं आसंल," त्या म्हणाल्या. "पण माजा एकच नवरा हाय. मासं बाजारात पायलीनं मिळत्यात."

निशाकडे वाद घालायला वेळ नव्हता. पाणी तातडीनं बदलायला हवं होतं, आणि गुरुवारी नळाला पाणी बंद. गच्चीवरच्या टाकीच्या तळाशी होतं ते गाळून, मीठ मिसळून, गरम करून वापरायचं तर संध्याकाळ झाली असती. तिनं पुन्हा पूर्णिमाला फोन केला. पूर्णिमानं पेशंटला तोंड उघडं ठेवून बसायला सांगितलं की काय कोण जाणे, पण तासाभरात तिची गाडी दारात उभी राहिली. डिकीत पिण्याच्या पाण्याचे कॅन होते आणि त्यात तिच्या दवाखान्याचं तयार खारं पाणी.

तिनं टबात डोकावून बघितलं. "दहीभात? लोणचं नाही वाढलं?"

निशाला हसू आलं नाही. दोघींनी मिळून मासा काढला, टब घासला, नवीन पाणी भरलं. पाखऱ्या तळाशी एका कुशीवर पडून राहिला. पूर्णिमा गेली, तरी निशा तिथंच बसून होती. त्या दिवशी तिनं वह्या तपासल्या नाहीत, स्वयंपाक केला नाही आणि कुणी हाक मारली तर ओ दिली नाही.

पाखऱ्या वाचला. जातिवंत होता, तगला. तिनं कोठीच्या खोलीला कुलूप लावलं आणि किल्ली मंगळसूत्राच्या वाटीशेजारी अडकवली. औषधाचा सगळा काळ तिनं नेमानं पुरा केला. ठिपके गेले, फाटलेला पर भरून आला, निळा रंग पुन्हा चढला. तिच्या पायांचा आवाज आला की तो पाइपमधून बाहेर येऊन पाण्याच्या काठाशी घिरट्या घालायचा. इतकं सुंदर काम आपण आजवर दुसरं केलेलं नाही, असं तिला वाटायचं. आणि त्याबद्दल "शाबास" म्हणणारं घरात कुणीच नव्हतं.

आबा मात्र उतरणीला लागले होते. दवाखान्यातून आले तेव्हा धरून धरून ओटीपर्यंत चालायचे. मग एके दिवशी त्यांनी तोंड भिंतीकडे केलं ते केलंच. चालायला नको, खायला नको. रोज सकाळी निशा गोळ्या घेऊन गेली की ते एवढंच विचारायचे, "पाखऱ्या?"

"मस्त आहे आबा. आज सगळं शेवाळ संपवलं."

"आसं का," म्हणून ते डोळे मिटायचे. त्यांना बरं वाटत असेल या समजुतीनं ती रोज जरा वाढवूनच सांगायची.

तपासणीला डॉक्टर म्हणाले, "रिपोर्ट उत्तम आहेत. पण यांना उठवा. छातीत कफ साठतोय. असेच पडून राहिले तर न्यूमोनिया होईल आणि मग मी काही सांगू शकत नाही." साईनाथ ओरडून बघत होता, मैनाबाई विनवून बघत होत्या. शेवटी निशा त्यांच्या पलंगाशी बसली.

"आबा, दुखतंय का कुठं?"

"न्हाई."

"मग उठत का नाही?"

आबा पंख्याकडे बघत म्हणाले, "पोरी, म्या त्याला मर म्हणत न्हाई. गुणाचं जनावर हाय. त्यो बरा झाला, चांगलं झालं. आता त्यानं न्हाई नेलं म्हंजे मलाच न्यावं लागंल, येवढंच. मग चालून काय करू?"

निशाला वाटलं कुणीतरी तिच्या कानशिलात मारली. रोज सकाळी गोळ्यांबरोबर ती त्यांना काय देत होती, हे तिला तेव्हा कळलं. तिनं समजावलं. मोबाइलवर त्या किड्यांची चित्रं दाखवली, हृदयाचं चित्र काढून कुठली नळी कुठं जोडली ते दाखवलं. सातवीच्या वर्गाला दाखवावं इतक्या सोप्या भाषेत सांगितलं. आबांनी सगळं लक्ष देऊन बघितलं.

"बरोबर हाय तुजं," ते म्हणाले आणि पुन्हा भिंतीकडे वळले.

भांडणाऱ्याशी भांडता येतं. "बरोबर हाय" म्हणणाऱ्याचं काय करायचं? निशा अंगणात जाऊन उभी राहिली. तिला साईनाथचा राग आला, हेमाकाकूंचा आला, त्या वास्तुवाल्याचा आला, आणि सगळ्यांत जास्त या गोष्टीचा की यातून सुटायचा रस्ता एकच होता आणि तो तिला दिसत होता.

"पाखऱ्याला ठेवून घेशील?" तिनं फोनवर विचारलं.

"मरता मरता वाचवलास, आता देऊन टाकतेस?" पूर्णिमा म्हणाली. "का?"

"तो मेला पाहिजे. त्याशिवाय आबा उठत नाहीत."

पूर्णिमाला चेष्टा करायची सवय होती, पण या वेळी तिनं केली नाही. "झाकणाची बादली घे. मी दवाखान्यात आहे."

सासूबाई देवळात गेल्या होत्या. निशानं पाखऱ्याला बादलीत घेतलं आणि पायांत बादली धरून रिक्षानं ती बिबवेवाडीला गेली. पूर्णिमाच्या टाकीत तो आधी दगडामागे लपला, मग हळूच बाहेर आला आणि ऐसपैस पोहायला लागला. निशानं फार वेळ बघितलं नाही. घरी येऊन तिनं नारळाच्या आळ्यात खुरप्यानं खड्डा खणला, रिकामाच बुजवला आणि मैनाबाई आल्यावर त्यांना सांगितलं.

"पाखऱ्या गेला."

मैनाबाईंनी हातातलं तबक खाली ठेवलं. तिच्या चेहऱ्यावरून दोन्ही हात फिरवून कानशिलांवर कडाकडा बोटं मोडली. "लई केलंस गं माझ्या बाई त्याचं," त्या म्हणाल्या आणि खरंच रडल्या. संध्याकाळी त्यांनी त्या आळ्यात उदबत्ती लावली. हेमाकाकू पेढे घेऊन आल्या. महिपती म्हणाले, "सूनबाईंचा हातगुण!" आणि निशा सगळ्यांना चहा देत फिरली. इतके दिवस झटून जीव वाचवला तेव्हा तिच्याकडे कुणी बघितलं नव्हतं. आता न मेलेल्या माशाबद्दल तिचं कौतुक संपत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी आबांनी उठून स्वतः दात घासले. पिठलं-भाकरी मागितली. दोन दिवसांनी ते अंगणात होते, आठवड्यानं फाटकाशी, आणि पुढच्या तपासणीला डॉक्टर म्हणाले, "बघा, औषध लागू पडलं." पूर्णिमा मधून मधून पाखऱ्याचे व्हिडिओ पाठवायची. निशा ते शाळेत, मधल्या सुट्टीत, आवाज बंद करून बघायची आणि पुसून टाकायची.

एका रविवारी ती हॉलमध्ये टाकीची काच पुसत होती. टाकीत आता नुसत्या गोगलगायी होत्या. आबा फिरायला निघाले होते, ते तिच्याजवळ थांबले आणि दगडांकडे बघत राहिले. अंग भरलं होतं त्यांचं, आवाज पुन्हा जुना झाला होता.

"निशा, एक इचारू? राग मानू नगंस."

"विचारा ना आबा."

"येवढी शिकलीस तू. पुस्तकं काय, मोबाइल काय. आन् त्यो बी चांगला सुधारला होता. मनावर घेतलं आसतंस तर एक मासा वाचला आसता का न्हाई?"

निशाच्या हातातलं फडकं काचेवर तसंच राहिलं. सगळं तोंडाशी आलं होतं. नुसता फोन काढून दाखवायचा अवकाश होता. तिनं आबांच्या शर्टाच्या वरच्या बटणाकडे बघितलं. तिथं छातीवरचा लांब व्रण आता फिका पडत चालला होता.

"नाही आबा," ती म्हणाली. "खूप केलं. नाही जमलं मला."

आबांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. "आसू दे, आसू दे. समद्यांलाच कुठं जमतंय," त्यांनी तिची समजूत घातली, आणि पायांत चपला सरकवून ते फिरायला निघून गेले.